मदत हवी आहे : मामांच्या स्पूल टेप आणि वह्या

नमस्कार मंडळी. आमचे मामा ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे, चाली बांधायचे आणि गिटार आपल्याकडे कशी रुजली याच्या नोंदी ठेवायचे. पंचवटीतल्या जुन्या घराचा माळा आवरताना अकरा स्पूल टेप (रिळांवरच्या जुन्या ध्वनिफिती) आणि सात वह्या सापडल्या. एका पानावर १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममधल्या गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांच्या मींडेबद्दल (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) बारीक पेन्सिलीत लिहिलंय, मध्येच किराण्याची यादी! टेपांना व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणजे फीत खराब होत असणार, त्यामुळे वाजवून बघायची हिंमत होत नाही. साफ करायला दिलेली एक तर तुटूनच परत आली. नाशकात स्पूल डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी आहे का? मुंबई-पुणेही चालेल. आणि वह्या सार्वजनिक वाचनालयात घेतील का?