शाळेच्या भिंतीवर कोणती वाक्यं लिहू? तुमच्यासोबत आयुष्यभर राहिलेलं एखादं असेल तर सांगा

खडूवाल्या बाई

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षं शिकवलं. १९८९ ला लागले, २०२० ला निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत परिपाठाच्या आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'आजचा सुविचार' लिहिल्याशिवाय दिवस सुरू केला नाही. वर्षाचे २२० दिवस धरले तरी पावणेसात हजारांवर जातात.

आता आमच्या गावच्या शाळेला नवी संरक्षक भिंत झाली आहे. शाळा व्यवस्थापन समितीने तिच्यावर आठ चौकटी आखल्या आणि मला म्हणाले, बाई, वाक्यं तुम्हीच काढून द्या. मी वही घेऊन बसले. 'श्रम हीच पूजा', 'वेळ अमूल्य आहे' अशी पंचवीसेक झरझर उतरली. मग हातच चालेना. त्याचं कारण गेल्या दिवाळीत घडलेली गोष्ट.

आमची पाण्याची मोटार जळाली होती. तालुक्याच्या गावी भरायला, म्हणजे आतली जळालेली तार नव्याने गुंडाळायला टाकली. दुकानात वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, उघडून ठेवलेल्या मोटारी. दुकानदाराने मला पाहिलं आणि हातातली तार ठेवून पाया पडला. माझाच विद्यार्थी, १९९३ सालचा चौथीचा. चहा मागवला. मी सहज विचारलं, "माझे सुविचार आठवतात का रे?" तो जरा ओशाळला. "सुविचार नाही आठवत बाई. पण तुम्ही म्हणाला होतात, चुकलं तर रेघ मार, पान फाडू नको, पलीकडचंही सुटतं. ते नाही विसरलो."

मला काही केल्या आठवेना. घरी येऊन दोन दिवस डोक्याला ताण दिला, तेव्हा कुठे ते पत्र्याचं शेड डोळ्यांसमोर आलं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून उशिरा झोपले होते. आमच्या भागातली घरं दगड-मातीची, वर माळवद, म्हणजे मातीचं जाड धाबं. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्या गावात मरणं त्या मानाने कमी झाली, पण शाळा गेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरू झाले. पोरांना वह्या आल्या त्या मदतीतून, बाहेरच्या कुणीकुणी पाठवलेल्या. एका पोराला एक वही, ती संपली तर दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही. या पोराचा भागाकार चुकला की तो पान टराटरा फाडायचा. मधोमध पिन मारलेली वही ती. अलीकडचं पान फाडलं की पलीकडचं जोडपान सैल होतं आणि चार दिवसांनी आपोआप गळून पडतं. मी त्याच्याजवळ उकिडवी बसून, वही उघडून ती पिन दाखवली असणार. डोक्यात दुसरं काही नव्हतं. वही पुरावी, एवढंच.

आणि त्याने ते कुठवर नेलं? ते दुकान दोघा भावांचं होतं. २०१६ चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल, त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. सुरुवातीला बोअरचं पाणी मध्येच संपून मोटारी कोरड्या चालून जळायच्या, तेव्हा काम खूप होतं. नंतर बोअरच आटले, मग मोटार भरून कोण घेणार? उधारी अडकली, भाऊ-भाऊ हिशेबावरून भांडले, वाटणीचा कागद करायची वेळ आली. "त्या रात्री वही समोर होती बाई. भावाच्या नावाचं पान फाडायला हात घातला आणि तुमची पिन आठवली." त्याने ते पान मला दाखवलं. भावाच्या नावापुढच्या सगळ्या आकड्यांवर पट्टी धरून मारलेली एक सरळ रेघ, खाली तारीख. पान जागेवर. भाऊ मागच्या बाजूला मोटारीचं कॉइल बांधत बसला होता.

म्हणून विचारते आहे. तुमच्यासोबत कोणतं वाक्य राहिलं? नुसतं वाक्य नको. कुणी म्हटलं, तेव्हा काय चाललं होतं, तेही लिहा. आणि आठ चौकटींत मी काय घालू? मुलांच्या नजरेसमोर ते रोज राहणार आहे, त्यामुळे मनावर ओझं आलं आहे.

पारंबी

बाई, तुमची गोष्ट वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तरी एक सांगतो, भिंतीवरचं काही लक्षात राहत नाही असं समजू नका. मला राहिलं ते भिंतीवरचंच आहे.

मी साताऱ्याकडचा, रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढलो. तिथल्या भिंतीवर संस्थेचं वडाचं झाड आणि खाली 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, १९१९ ला काले गावी संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. हे सगळं आम्हाला तोंडपाठ होतं, कारण जयंतीच्या भाषणात दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच. त्याने काही झालं नाही. झालं ते असं की ती अक्षरं जिथे रंगवली होती त्या भिंतीलगतच आमचे वांग्या-मिरचीचे वाफे होते. सकाळी दोन तास खुरपं. मान वर केली की समोर 'स्वावलंबी'. पहिल्या वर्षी रागच यायचा त्या शब्दाचा. दुसऱ्या वर्षी वडिलांनी ६० रुपयांची मनिऑर्डर पाठवली, ती मी परत केली. निरोपाच्या जागेत लिहिलं, "लागत नाहीत. बैलाला पेंड घ्या." त्या दिवशी तो शब्द माझा झाला. वडिलांनी ते चिटोरं मरेपर्यंत पाकिटात ठेवलं होतं, हे आईने नंतर सांगितलं.

तर माझं म्हणणं असं, वाक्य कोणतं याच्याइतकंच ते कुठे लिहिलंय हे बघा. रस्त्याच्या बाजूला लिहिलेलं गावाला दाखवायला होतं. हात धुवायच्या नळापाशी, खिचडीच्या रांगेपाशी, झाडांना पाणी घालतात तिथे जे लिहाल ते मुलं काम करता करता वाचतील.

मावळातली

ताई, मी सुविचारातलं काही सांगू शकणार नाही. माझ्या सासूबाईंचं सांगते. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण पावसाची प्रत्येक ओळ त्यांच्या जिभेवर. मी शहरातून लग्न होऊन आले तेव्हा मला पाऊस म्हणजे पाऊस, त्यात काय प्रकार असतात हेच माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी आवणीला, म्हणजे भातलावणीला, चिखलात उभी राहून रडायला आले होते. सासूबाई शेजारी वाकून रोप लावत होत्या, त्यांनी वर न बघताच म्हटलं, "हा तरणा हाय, ह्यो दमवनारच. म्हातारा आला का सावकाश घे." मला वाटलं कुणा माणसाबद्दल बोलताहेत! पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे मला त्या दिवशी कळलं. जुलैचा पहिला पंधरवडा आणि दुसरा. मघाचा सासूचा आणि पूर्वाचा सुनेचा, तेही मग हळूहळू समजलं.

'न पडतील मघा, तर ढगाकडे बघा.' 'न पडतील उत्तरा, तर भात मिळेना पितरा.' 'पडतील स्वाती, तर पिकतील मोती.' 'पडेल हत्ती, तर पाडील भिंती', म्हणजे हस्ताचा पाऊस. गावागणिक शब्द थोडे बदलतात. उत्तराची म्हण बघा किती नेमकी आहे. उत्तरा लागते सप्टेंबरच्या मध्यावर, भात तेव्हा पोटरीत येतं, तेव्हा ओल तुटली की दाणा भरत नाही, आणि पितृपक्षही त्याच सुमाराचा. एका ओळीत पीक, पंचांग आणि वाडवडील.

आता सासूबाई नाहीत. पण जुलैमध्ये अजूनही पाठीला कळ लागली की मी मनात म्हणते, हा तरणा आहे, दमवणारच. बाळंतपणात म्हटलं, मुलाच्या दहावीच्या वर्षी म्हटलं, नवऱ्याच्या आजारपणात तर रोज म्हटलं.

तुमच्याकडे भात नाही, सोयाबीन-तूर-ज्वारी. पण तुमच्या गावातही म्हाताऱ्या माणसांकडे पावसाच्या आणि पेरणीच्या म्हणी असणारच. एखादी चौकट त्यांना द्या. मुलं घरी जाऊन विचारतील, "आजी, ही तुला येते का?"

नागपूरकर

लिहा काहीही, फक्त खाली नाव चुकवू नका, ही कळकळीची विनंती. मोबाइलवर फिरणारी निम्मी वाक्यं कुणाच्याही नावावर खपवलेली असतात. 'निंदकाचे घर असावे शेजारी' ही आपली म्हण आणि कबीराचं 'निंदक नियरे राखिए' यांचा गाभा एक आहे, म्हणून लोक त्यांची सरमिसळ करून कुणाच्याही नावावर टाकतात. मुलांच्या डोळ्यांसमोर दहा वर्षं चुकीचं नाव राहिलं तर ते दुरुस्त करायला पन्नास वर्षं लागतात.

आमच्या घरातलं वाक्य तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात बाबासाहेबांची परिषद झाली, माझे आजोबा तिथे गर्दीत होते. वय वीस, एम्प्रेस मिलमध्ये कामाला. त्या भाषणाच्या इंग्रजी पाठात शेवटचा सल्ला एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ या क्रमाने आहे. बाबासाहेबांनी १९२४ ला काढलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं ब्रीदही हेच. मराठीत आपण 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' म्हणतो, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाची जागा बदलते. यावर मी पूर्वी लोकांशी तासन्‌तास वाद घातला आहे. आजोबा मात्र म्हणायचे, "पहिला शब्द तर दोन्हीकडे पहिलाच आहे ना? तो झाला का तुझा?"

थोरल्या मुलाचं नाव शाळेत घातलं तेव्हा आजोबांनी अंगठा दिला होता. त्यानंतर पाळी संपवून ते रात्रीच्या वर्गाला जाऊ लागले. सात वर्षांनी माझ्या आईचं नाव घालायला गेले तेव्हा सही केली. आईकडे त्या फॉर्मची नक्कल आहे. सहीतलं शेवटचं अक्षर रेघेच्या खाली घसरलंय.

सहज वाचणारा

बाई, त्या मोटारवाल्या विद्यार्थ्यालाच विचारा ना भिंतीवर काय हवं ते. त्याची मुलं त्याच शाळेत आहेत का?

खडूवाल्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मनिऑर्डर आणि सही, दोन्ही मी माझ्या यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं.

'सहज वाचणारा', तुमचं ऐकून परवा त्याच्या दुकानात गेले. त्याची धाकटी दुसरीत आहे, आपल्याच शाळेत. मी म्हटलं, तुझं ते पिनेचं वाक्य पहिल्या चौकटीत घालते. तो नको म्हणाला. "बाई, भिंतीला पिन कुठे असते? पोरांना कळायचं नाही. वही हातात असताना सांगा." मग त्याने विचारलं, आठही चौकटी भरायलाच हव्यात का, दोन काळ्या रंगवून सोडल्या तर पोरं खडूने लिहितील. काळा रंग तो देणार आहे, भाऊ म्हणाला शिडी आमची.

पारंबी, तुमचं ऐकून मी पुन्हा जाऊन भिंत बघितली. चारच चौकटी आतल्या बाजूला येतात, बाकीच्या रस्त्याकडे तोंड करून आहेत. समितीला सांगून रस्त्याकडच्या सगळ्या रद्द केल्या. नळाजवळची एक भिंत आहे, ती आखून घेतली, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक मिळाली. आता सहा झाल्या, दोन काळ्या धरून. नागपूरकर, नळाजवळ 'शिका' एवढा एकच शब्द घेते आहे, खाली बाबासाहेबांचं नाव. पुढचे दोन शब्द वर्गात सांगू, क्रमासकट.

मावळातल्या ताई, एक चौकट पावसाची ठरली. गावातल्या तीन आज्यांकडे जाऊन आले, त्यातल्या एकीला मघाची म्हण येते, तुमच्यापेक्षा शेवट थोडा वेगळा आहे, तो शाळेत लिहिता येणार नाही! तेव्हा तुमचीच घेते. स्वातीचीही घेते, आमच्याकडे ज्वारीला तो पाऊस लागतो. हत्तीची मात्र घेत नाही. म्हण सुंदर आहे, पण आमच्या गावात भिंती पडल्याचं भिंतीवर लिहवत नाही.

सोमवारी रंगारी येतो आहे. 'न पडतील मघा' की 'नाही पडल्या मघा', तुमच्या सासूबाई नेमकं कसं म्हणायच्या तेवढं कळवाल का?

मावळातली

'न पडतील'. आणि 'बघा' म्हणताना मान वर करायच्या.