१५ ऑगस्टची जिलबी: हवेला कशाला बोल लावता?

कढईकाठ:
कालपासून एक पोस्ट फिरतेय: ‘१५ ऑगस्टला जिलबी वाटणं बंद करा. नाशिकच्या पावसाळी हवेत तिचं चामडं होतं. आपला चिवडा असताना हे लाड कशाला?’ खाली अंगठ्यांची रांग. म्हणून जरा लांबण लावतो.

ऑगस्टात जिलबी सादळते हे खरं. पण सादळायला तिला वेळ कोण देतं? झेंडावंदन आठच्या सुमारास, ऑर्डरी ढीगभर, म्हणून तई, म्हणजे जिलबी तळायची पसरट कढई, पहाटे तीनलाच पेटते. निथळायच्या आत गरम जिलबी पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर झाकण, त्यावर दुसरं खोकं. वाफ झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि जिलबीवरच टपकतं. नऊ वाजता मुलांच्या हातात पडतं ते चामडं या कोंडलेल्या वाफेनं केलेलं. पुरावा हवा तर याच ऑगस्टात मळ्यातल्या मिसळीसोबत तईतून थेट ताटलीत आलेली जिलबी मोडून बघा. कुर्रकन मोडते. हवा तीच, गाव तेच.

दुसरं म्हणजे पाक. किलोभर साखरेला अर्धा लिटर पाणी, एकतारी, आणि बुडवताना बोट जेमतेम टेकवता येईल इतका गरम. घाईत पाक कच्चा राहिला की त्यातलं पाणी कवचात मुरतं. उकळता असेल तर कवच मऊ पडतं, गार असेल तर आत शिरतच नाही. वर पाक गोठू नये म्हणून लिंबूसत्व सढळ हातानं! किलोला चिमूट पुरे. आंबट जास्त झालं आणि पाक उकळत राहिला की साखर फुटते, आणि ती फुटलेली साखर हवेतली ओल साध्या साखरेपेक्षा जास्त ओढते. यात वरुणराजाचा काय दोष?

भाजकेपोहे:
म्हणजे शेवटी ओल ओढतेच ना? एवढं पुराण सांगून आमचंच म्हणणं सिद्ध केलंत, आभारी आहे. गोदावरीच्या पुराचं माप सांगणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं असताना खोक्याची झाकणं उघडी ठेवायला सांगणार का तुम्ही? चिवडा सादळला तर कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतला की पुन्हा कुरकुरीत. सादळलेली जिलबी कुठल्या कढईत घालता?

कढईकाठ:
परत कुरकुरीत होतो, मान्य. पण पोह्यांना आधी ऊन द्यायचं असतं, ते ऑगस्टात कुठून आणता? न वाळवलेले पोहे फोडणीत घातले की आक्रसतात आणि दाताखाली वातड लागतात. पिठीसाखर गरम चिवड्यावर भुरभुरली की विरघळून गोळे होतात, आणि कोमट असतानाच पिशवी बांधली की आतून घाम. जो रोग जिलबीच्या खोक्याला, तोच चिवड्याच्या पिशवीला. चिवडा गुणी आणि जिलबी बदनाम, हा कुठला न्याय?

गुलाबीथंडी:
भांडता कशाला? जिलबी २६ जानेवारीला खा, हवा कोरडी असते. ऑगस्टात पेढे वाटा.

कढईकाठ:
जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी उतरतो, त्या गारठ्यात मैद्याचं आंबवण रात्रभर ढिम्म हलत नाही. किलो मैद्याला शंभर ग्रॅम दही घाला की दीडशे, पीठ उबेला ठेवलं नाही तर सकाळी बुडबुडे नाहीत. मग ऐनवेळी सोडा मारतात. त्यानं जिलबी फुगते, पण आतली नळी नीट पोकळ होत नाही, आंबूस चव येत नाही, मागे साबणासारखी चव उरते ती वेगळी. ऑगस्टात उलट: दहा-बारा तासांत पीठ तयार, त्यापुढे राहिलं की पातळ होऊन तईत वेढे पसरतात. दोन्ही दिवस जिलबीला अडचणीचेच आहेत, म्हणून तर हलवायाचा हात लागतो.

त्र्यंबकवाट:
मग १ मे ला वाटा ना! नाशिकची मे महिन्यातली दुपार म्हणजे कोरडी भट्टी. पण त्या आठवड्याची आपल्याला कदरच नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसाठी लागला ३ मे १९१३ ला. अखेरचा श्वास नाशकात, १६ फेब्रुवारी १९४४. ३० एप्रिल, १ मे, ३ मे अशी ओळीनं तीन निमित्तं असताना त्या आठवड्यात एक पेढासुद्धा कोणी वाटत नाही. वाद कशावर, तर खोक्याच्या झाकणावर!

भाजकेपोहे:
फाळके मध्येच कुठून आले?

सुरगाठ:
जिलबी मऊ पडली तर फार तर तोंड वाकडं होतं. झेंडा वर अडकला तर सगळ्यांच्या माना वर आणि प्रमुख पाहुणे दोरी हिसडतायत. त्यावर कोणी बोलत नाही. कारण तेच, ओल. सुती दोरी भिजली की फुगते, वेढे एकमेकांत रुततात आणि सुरगाठीची निरगाठ होते. त्यात ‘सुटायला नको’ म्हणून चार-चार वेढे दिलेले. पाकळ्या घालून गुंडाळलेल्या झेंड्याच्या गाठोड्याला दोनच वेढे द्या, फास चार बोटांचा ठेवा, ओढायची दोरी आदल्या संध्याकाळी एकदा ओढून बघा. पाकळ्या मूठभर, सुट्या आणि कोरड्या. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात आणि झेंडा उघडला तरी एकही खाली पडत नाही.

नियमावर_बोट:
मुळात १५ ऑगस्टला गाठोडं वर बांधायचंच नसतं. त्या दिवशी झेंडा खालून वर चढवायचा, ते ध्वजारोहण. २६ जानेवारीला आधीच वर बांधलेला झेंडा फडकवायचा. गाठच नाही तर अडकेल काय? पण आपल्याकडे दोन्ही दिवशी तेच गाठोडं आणि त्याच पाकळ्या.

सुरगाठ:
पाकळ्यांना ध्वजसंहितेत स्पष्ट मुभा आहे, त्यांच्यावर राग नको. संकेत बरोबर, पण शाळा-सोसायट्यांत वर्षानुवर्षं वरच बांधतात, त्यांना आज उपाय हवाय. आणि खालून चढवतानाही कप्पी गंजलेली असली की दोरी अर्ध्यातच थांबते. झेंडा चढवायचा झपाट्यानं आणि उतरवायचा सावकाश, असं तीच संहिता सांगते. गंजलेल्या कप्पीवर झपाटा कसला? दोन थेंब तेल, तेही आदल्या दिवशी.

टेरिकॉट:
नायलॉनची दोरी आणि पॉलिएस्टरचा झेंडा घ्या, विषय संपला. ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टर चालतं.

नियमावर_बोट:
चालतं म्हणून शोभतं असं नाही. खादी ती खादी.

टेरिकॉट:
ती खादी पाणी पिऊन काठीला ओल्या टॉवेलसारखी लोंबते तेव्हा शोभते का? उपदेश करायला काय जातं!

नियमावर_बोट:
भाषा सांभाळा. झेंड्याला टॉवेल म्हणताय.

टेरिकॉट:
झेंड्याला नाही, भिजलेल्या कापडाला म्हणालो. नीट वाचा.

सुरगाठ:
दोघंही थांबा. नायलॉन भिजून फुगत नाही, पण घसरतं. सुरगाठ वाऱ्यानं आधीच सुटते आणि पाहुणे यायच्या आत झेंडा मोकळा. दोर सुतीच ठेवा, फक्त रात्रभर पावसात नको, सकाळी कोरडा चढवा. त्याहून मोठी चूक म्हणजे उलटा झेंडा. झेंड्याच्या कडेला दोरी अडकवायची लाकडी खुंटी असते, ते टोक वर, तिथेच केशरी पट्टा, हे गुंडाळायच्या आधी एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं पुन्हा बघायचं. बांधून झाल्यावर वरून काही कळत नाही.

भाजकेपोहे:
झेंड्याचं पटलं. जिलबीचं काय ठरलं?

कढईकाठ:
तई तीनऐवजी साडेपाचला पेटवायची. ऑर्डर दोन हलवायांत वाटून द्यायची, नाहीतर एवढा माल वेळेत निघत नाही. निघालेली जिलबी जाळीवर दहा मिनिटं निथळू द्यायची, खोक्याला बाजूनं दोन भोकं आणि वाफ गेल्याशिवाय झाकण नाही. एवढं करूनही मऊ पडली तर तुमचा चिवडा मी वाटतो.

भाजकेपोहे:
दोन भोकांनी जिलबी वाचते हे बघायचंच आहे. चिवडा मात्र आधीच मागवून ठेवतो. मीठ, पिठीसाखर गार झाल्यावर, बरं का. तेवढं तुमच्याकडून घेतलं.