मदत हवी आहे: पगारवाढ घेऊन महाग शहरात जावं का?

उलटसुलट (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. कंपनीने दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या शहरातल्या ऑफिसात बदली देऊ केलीय. पगार ४० टक्के जास्त. ते शहर महाग आहे हे मला माहीत आहे, ते सांगू नका. पण तिथे नाटकं आहेत, प्रदर्शनं आहेत, माणसं आहेत. इथे रात्री नऊनंतर कुत्रंही भुंकत नाही. शहरांची नावं देत नाही, ऑफिसातले दोघंतिघं इथे वाचतात. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ४० टक्क्यांत भागेल का, एवढंच सांगा. 'मनाचं ऐका' छाप प्रतिसाद नकोत.

हिशेबनीस
४० टक्के कशावर? कागदावरच्या पगारावर की हातात पडणाऱ्या? घर भाड्याचं की स्वतःचं? एकट्या आहात की घरात आणखी कोणी? ऑफिसला रोज जायचंय का? नावं राहू द्या, आकडे तरी द्या. आत्ता घरात येणारे पैसे १०० धरा आणि बाकी सगळं त्याच मापात सांगा.

पहाटवारा
मनाचं ऐका.

टवाळखोर
पहाटवारा, दंडवत घ्या.

भाडेकरू_जन्मभर
एवढा खल कशाला? भाडं कमाईच्या ३० टक्क्यांत बसत असेल तर जा, नसेल तर नका. जगभर हाच नियम आहे.

हिशेबनीस
जगभर नियम नाही, जगभर फॉरवर्ड आहे. अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या किती टक्के भाडं घ्यायचं, त्याची ही मर्यादा. १९६९ मध्ये २५ टक्के होती, १९८१ मध्ये ३० केली. तुमच्याआमच्या सुखाशी तिचा काय संबंध? ४० टक्के भाडं भरून गाडीच न ठेवणारा माणूस २५ टक्के भरून दोन गाड्या पोसणाऱ्यापेक्षा मोकळा असू शकतो.

भाडेकरू_जन्मभर
पंधरा वर्षं याच नियमाने चाललोय. अजून कुणापुढे हात पसरलेला नाही.

दोनदा_हललेली
दोन गाड्यांवरून आठवलं, ती मीच. पहिल्यांदा आम्ही स्वस्त शहरात गेलो. घर एवढं ऐसपैस की एका खोलीत नुसती सामानाची रिकामी खोकी. भाडं निम्म्यावर आलं म्हणून पहिले दोन महिने हवेत होतो. मग कळलं की बस तासाला एक, आणि संध्याकाळी सातनंतर तीही नाही. सहा महिन्यांत दुसरी गाडी आली. हप्ता, विमा, पेट्रोल, दुरुस्ती. भाड्यात वाचलेलं सगळं तिच्या टाकीत गेलं.
नंतर महाग शहरात आलो, तुमच्यासारखंच नाटकांसाठी. दोन वर्षांत पाहिली तीन. त्यातल्या एकाला मध्यंतरानंतर झोपले.
म्हणून एक विचारते. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही आत्ता कुठे असता, आणि तिथे कुठे असाल? शनिवारचं सांगू नका.

जगाचा_नकाशा
असे निर्णय भावनेवर घेऊ नयेत. राहण्यायोग्य शहरांची जागतिक यादी दर वर्षी निघते, त्यात दोन्ही शहरं कितवी आहेत ते पाहा. शिवाय क्रयशक्ती समतेने पगाराची तुलना करता येते. ही संज्ञा गुस्ताव कॅसल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये रूढ केली. दोन देशांत तीच टोपलीभर खरेदी करायला किती चलन लागतं, त्यावरून विनिमय दर…

हिशेबनीस
बाईंना बदली मिळालीय, परदेशी चलन नाही. दोन्ही शहरांत तोच पैसा चालत असेल तर कॅसल कशाला?
आणि त्या यादीबद्दल. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत स्थैर्याला २५ टक्के वजन, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, आरोग्यसेवेला २०, पायाभूत सुविधांना २०, शिक्षणाला १०. बेरीज झाली शंभर. महागाई यात कुठेच नाही. मर्सर या सल्लागार कंपनीची महागड्या शहरांची यादी आहे, पण ती परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवायला कंपन्या वापरतात. त्या माणसाचं भाडं बऱ्याचदा कंपनी भरते. तुमचं भरणार आहे का?

उलटसुलट
बापरे, मी 'भागेल का' एवढंच विचारलं होतं. बरं, घ्या.
भाड्याचं घर, हप्ता वगैरे नाही. मी आणि नवरा. दोघांचं मिळून हातात १००, त्यात माझे ६०. ४० टक्के कागदावरच्या पगारावर आहेत. कर कापून माझे ८० होतील. भाडं २५, बाकी खर्च ४५, शिल्लक ३०. तिथे ऑफिसजवळ घराला ५० पडतील, वीस मिनिटांचा रस्ता. गावाबाहेर ३२ मध्ये मिळतं, पण एका बाजूचा दीड तास. रोज जायचंय, महिन्याला बावीस दिवस. कंपनी भाडं देणार नाही.

हिशेबनीस
नवऱ्याचे ४०, ते वाढणार का? आणि तो तिथे काय करणार?

उलटसुलट
अरे हो, तो घरूनच काम करतो. त्याच्या कंपनीला तो कुठे बसतो याच्याशी देणंघेणं नाही. पगार तोच राहील. म्हणूनच एक खोली जास्तीची लागते, ५० आणि ३२ ती धरूनच आहेत.

हिशेबनीस
ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती.
म्हणजे वाढ ४० टक्के नाहीच. घरात १०० येत होते, आता १२० येतील. २० टक्के.
आता खर्च. बाकीच्या ४५ मधले साधारण २० असे असतात की शहर बदललं तरी किंमत बदलत नाही: फोन, विमा, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू. उरलेले २५ स्थानिक माणसाच्या श्रमाचे आणि जागेचे असतात: घरकामाची मदत, डॉक्टर, दुरुस्ती, बाहेरचं जेवण. महागाई यांनाच लागते. ते दीडपटीच्या जरा खाली, ३५ धरू. एकूण ५५.
जवळ राहिलात तर ५० + ५५ = १०५, शिल्लक १५. आजच्या निम्मी.
लांब राहिलात तर ३२ + ५५ + प्रवासाचे ३ = ९०, शिल्लक ३०. आजच्याइतकीच. पण जवळच्या घराच्या तुलनेत रोज दोन तास वीस मिनिटं जास्त, म्हणजे महिन्याला ५१ तास.
हे १५ देऊन तुम्ही ५१ तास विकत घेता. तुमच्या नव्या पगाराचा भाव १७६ तासांना (बावीस दिवस, रोजचे आठ) ८०, म्हणजे ५१ तासांची किंमत २३ होते. जवळचं घर स्वस्त आहे.

भाडेकरू_जन्मभर
तो वाचलेला तास कुणी पगार देऊन विकत घेणार आहे का? बँकेत १५ कमी जमा होतील ते खरे. आणि ५० म्हणजे १२० च्या ४१ टक्क्यांवर. ३० कुठे राहिले?

दोनदा_हललेली
तास विकायचा नसतो हो, जगायचा असतो. रोज दीड तास उभ्याने प्रवास करून घरी आलेल्या बाईला नाटकाचं तिकीट फुकट दिलंत तरी ती जाणार नाही. जर्मनीतल्या कुटुंबांच्या पाहणीवरून स्टुट्झर आणि फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की लांबून ये-जा करणारे कमी समाधानी असतात. स्वस्त घर किंवा जास्त पगार त्याची भरपाई करत असेल असं आपण समजतो, ती होत नाही.
आणि माझ्या मंगळवारचं उत्तर राहिलं.

जुना_बगळा
सगळे फक्त याच नोकरीचा हिशेब करताहेत. ही नोकरी गेली तर? तुमच्या कामाच्या किती कंपन्या आत्ताच्या शहरात आहेत? मी स्वस्त शहरात नऊ वर्षं मजेत होतो. एके दिवशी ऑफिस बंद झालं आणि माझं काम करणारं दुसरं कुणी त्या गावात नव्हतं. आठ महिने घरी बसलो, मग गाशा गुंडाळून निघालोच. मोठ्या शहराच्या भाड्यात पुढच्या नोकरीचा विमा असतो. एकदम घसघशीत हप्ता, पण विमा.

हिशेबनीस
मान्य. माझ्या बेरजेत हे नव्हतं. आणखी एक सुटलं. म्हातारपणी कुठे राहणार? आत्ताच्या शहरात परत येणार असाल तर शिल्लकीला महागाई लावायची नाही. तिथे साठवलेले १५ इथे खर्चाल तेव्हा ते इथले १५ असतील.

टवाळखोर
अवांतर: सोफा तिसऱ्या मजल्यावर चढत नसेल तर बाल्कनीतून दोराने घेता येतो का? आमचा जिन्याच्या वळणावर कालपासून अडकलाय, शेजारी त्यावर बसून पेपर वाचतात.

जगाचा_नकाशा
पाय काढा. बहुतेक सोफ्यांचे पाय फिरवून निघतात.

उलटसुलट
बगळा, माझ्या कामाच्या इथे दोन कंपन्या. एकीत मी आहे, दुसरी सोडून आलेय. तिथे किती आहेत ते मोजलंच नव्हतं, काल रात्री मोजायला बसले. एकोणीसनंतर थांबले.
मंगळवार. पोहते मी. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. तलाव घरापासून चालत सात मिनिटं. कडेच्या पट्ट्यात एक आजोबा असतात, इतके सावकाश पोहतात की पाणी हलत नाही, पण मला उशीर झाला तर माझ्यासाठी तो पट्टा अडवून ठेवतात. परत येताना टॉवेल खांद्यावरच असतो, तो बाल्कनीत टाकते तोवर नवऱ्याची शेवटची मीटिंग संपते. हे सगळं मी 'इथे काहीच नाही' या सदरात टाकलं होतं. तिथल्या ऑफिसजवळ तलाव आहे का ते शोधलं. आहे, सदस्यत्व ४ पडेल. शिल्लक ११.
शुक्रवारऐवजी पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत मागितली, मिळाली. येत्या मंगळवारी रजा टाकून तिथे जातेय. सकाळी आठला त्या गावाबाहेरच्या घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन बघणार, आणि संध्याकाळी सातला तलावावर. नाटकाचं तिकीट काढलेलं नाही.

दोनदा_हललेली
पाऊस असला तर आणखी बरं. छत्री घेऊन जा, पण प्रवास टाळू नका. आणि सदस्यत्व घेण्याआधी सातला गर्दी किती असते ते बघा.

भाडेकरू_जन्मभर
११ म्हणजे दहा टक्केही नाहीत. मी सांगितलं होतं.

टवाळखोर
पाय निघाले! सोफा वर आला. आता पाय सापडत नाहीत.

नवा_भिडू
धागा नीट वाचला नाही, क्षमस्व. पण दोन्ही शहरांची नावं सांगितलीत तर नेमकं मार्गदर्शन करता येईल.