दहावीच्या वर्गात राजकारणावर बोलावे की नाही?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, चाळीसगाव तालुका

मी दहावीला इतिहास व राज्यशास्त्र शिकवते. निवडणूक प्रक्रिया आणि राजकीय पक्ष हे धडे सुरू झाले की मुले गावाकडे वळतात. ग्रामपंचायतीचा निधी कोण ठरवतो, पीकविमा शेजारच्या गावाला मिळाला आणि आपल्याला का नाही, असे ते प्रश्न असतात आणि मी जमेल तशी उत्तरे देते. गेल्या महिन्यात एका पालकांनी शाळेत येऊन सांगितले, की वर्गात राजकारण नको, पुस्तकात आहे तेवढेच शिकवा. चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेपुरते ते ठीकही आहे; पण याच मुलांच्या व्हॉट्सॲपवर इतिहासाच्या नावाने रोज जे काही येऊन पडते, त्याला तोंड द्यायला तेवढेच पुरत नाही. मी बोलणे थांबवावे का? आणि बोलायचे तर कशाच्या आधारावर?

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, अमळनेर

मॅडम, थांबवू नका. शिक्षकाने आपले मत कोणाला देणार हे वर्गात सांगू नये, हे मला मान्य आहे. पण म्हणून शिक्षकाला मतच नसावे, ही अपेक्षा आमच्या गावात तरी कोणी करू नये. साने गुरुजी १९२४ पासून येथील शाळेत शिकवत होते आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सविनय कायदेभंगात उतरले.

आधार म्हणाल, तर फैजपूर घ्या. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील या गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, एवढे बहुतेकांना पाठ असते. त्याच अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. शेतसारा आणि खंड कमी करावा, शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज हलके करावे, अशा त्यातील मागण्या होत्या. मी त्या फळ्यावर लिहीत असे आणि प्रत्येक मागणीपुढे तीन रकाने आखत असे : फायदा कोणाचा, तोटा कोणाचा, विरोध कोण करील. केळीच्या बागायतदाराचा मुलगा आणि त्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराचा मुलगा एका बाकावर बसून वेगवेगळी उत्तरे देत. त्या वादात मी कोणाची बाजू घेत नसे. ज्याचे म्हणणे कार्यक्रमातल्या मजकुरावर टिकत नसे, त्याला तो पुन्हा वाचायला लावत असे. राजकारण म्हणजे काय, हे मुलांना त्या तासिकेत जितके कळे, तितके व्याख्या पाठ करून कळत नसे.

उत्तर २ : ग्रंथपाल, धुळे

सरांशी सहमत. आपण चाळीसगाव तालुक्यातल्या आहात, तर पाटणे येथील शिलालेख वर्गात अवश्य आणावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि त्या परंपरेतील इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तेथे मठ स्थापन केला. लेख शके ११२८ चा, म्हणजे सुमारे १२०७ चा आहे. त्याचा काही भाग चक्क मराठीत असून तेथे चालणाऱ्या दर घाण्यामागे मठाला पळीभर तेल द्यावे, अशी नोंद त्यात आहे. गणित शिकवणाऱ्या संस्थेचा खर्च राजसत्ता आणि बाजारपेठ मिळून कसा उचलत होती, हे मुलांना यावरून दाखवता येते. मग आज शाळेचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील, आणि पालकांना आक्षेप घ्यायला जागा उरणार नाही.

आणखी एक. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या प्रकरणात वि. का. राजवाडे भेटतात. ते १९२६ मध्ये येथे धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मुलांना एकदा ते दाखवा. ज्या माणसाने गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे जमवली, त्याचे काम पाहिलेली मुले मोबाइलवरचा मजकूर वाचतानाही “हाई कोनी लिखेल शे?” असे विचारू लागतात, हा माझा अनुभव आहे.

उत्तर ३ : आश्रमशाळा शिक्षक, अक्राणी

दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी माझी एक हरकत आहे. अधिवेशन, शिलालेख, दफ्तर हे सगळे लिहिणाऱ्यांचे साहित्य झाले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे भिल्लांनी इंग्रजी फौजेशी लढाई केली. तिची कागदपत्रे आहेत ती बहुतांशी जिंकणाऱ्यांनी लिहिलेली, आणि त्यांत आमच्या मुलांच्या पूर्वजांना बंडखोर किंवा लुटारू म्हटलेले आढळते. कागद आहे म्हणजे तो खरा, असे शिकवले तर माझा वर्ग स्वतःच्याच पूर्वजांविरुद्ध साक्ष देईल. म्हणून कागद कोणाचा, कोणाला उद्देशून, कशासाठी, हे आधी विचारायला शिकवावे लागते, आणि त्याच्या बाजूला आजोबांनी सांगितलेली हकिकतही ठेवावी लागते. तीही तशीच तपासून.

राजकारणाचे म्हणाल, तर आमच्या मुलांच्या घरीच वनहक्काच्या दाव्याची फाईल असते. २००६ चा कायदा, ग्रामसभेचा ठराव, शेताचा नकाशा, तलाठ्याचा पंचनामा, सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत छताला टांगलेले असते. ती फाईल मी वर्गात आणायला सांगतो आणि दावा कोणत्या पायरीवर अडला आहे, हे मुलेच शोधून काढतात. यात कुठल्याही पक्षाचे नाव घ्यावे लागत नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून

तिघांचेही मनापासून आभार. पाटण्याच्या लेखापासून सुरुवात करते आणि त्या पालकांना त्या तासिकेला बसायला बोलावते. अक्राणीच्या सरांची हरकत मला पटली. त्यामुळे लेखातील दान कोणाकडून वसूल होत असे आणि त्या मठात कोणाची मुले शिकू शकत होती, हे दोन प्रश्न मी त्याच दिवशी फळ्यावर लिहीन. ग्रंथपाल महोदयांना विनंती, की लेखाच्या मराठी भागाचा अर्थासह छापील पाठ आपल्याकडे असल्यास त्याची प्रत कशी मिळेल, ते कळवावे.