जीएने मणी फुगतो, मग माझा घड कुठे गेला?

द्राक्षवाला (निफाड):
मंडळी, चूक माझीच, आधीच कबूल करतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलींवर सिक्स-बीए मारायचं होतं. जीए (जिबरेलिक ॲसिड) आणि सिक्स-बीए, दोन्ही वाढीची संप्रेरकं, दोन्ही पांढऱ्या पुड्या, गेल्या हंगामातल्या उरलेल्या, चिठ्ठ्या निघालेल्या, एकाच डब्यात. सिक्स-बीए समजून जीए मारलं; चार ओळी झाल्या आणि पंप बंद पडला म्हणून वाचलो. आठवड्याभरात त्या चार ओळींच्या फुटी लांबसडक, पेर इतरांच्या दीडपट. बायको म्हणाली, "ह्याच एवढ्या कशा ताडमाड झाल्या?" तेव्हा डबा आठवला.

आता ऑक्टोबर छाटणीला १७ दिवस झाले. बाकी बागेत काडीकाडीला घड दिसतोय. त्या चार ओळींत घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, आधाराला वेटाळतात ते तंतू. बिनबियांची थॉमसनच आहे सगळी. जी पूड डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवताना, मणी फुगवते, तीच मे महिन्यात घड कशी खाते?

तासगावकर:
भाऊ, जूनला आभाळ किती होतं तिकडे? ऊन कमी पडलं की काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचे अंकुर, म्हणजे सूक्ष्मघड, होतच नाहीत. जीएला उगाच दोष देऊ नका.

द्राक्षवाला (निफाड):
आभाळ सगळ्या बागेवर होतं दादा, चार ओळींपुरतं नव्हतं.

निवृत्त मास्तर (वनस्पतीशास्त्र):
तासगावकरांचं उन्हाचं म्हणणं खरं आहे, पण इथे दोषी जीएच.

खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीच्या डोळ्यात एक बारीक गाठ बसते. तिचा घड व्हायचा की बाळी, हे तेव्हा ठरलेलं नसतं. घड आणि बाळी ही एकाच गाठीची दोन रूपं. सायटोकायनिन, म्हणजे तुमचं सिक्स-बीए, तिला घडाकडे नेतं. जीए बाळीकडे. तुम्ही नेमकं त्या दिवसांत उलटं औषध दिलंत.

पेशीच्या आत काय होतं तेही सांगतो, कारण 'जीए म्हणजे टॉनिक' हा समज फार पसरलाय. जीए वाढीला ढकलत नाही, लागलेला ब्रेक काढतं. पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढ धरून ठेवतात. जीए आलं की ते आपल्याला ओळखणाऱ्या (ग्राहक) प्रथिनात बसतं, ती जोडी डेलाला पकडते, पेशी डेलावर 'मोडीत काढा' अशी खूण लावते आणि डेला संपतं. पेर लांबलं ते त्यामुळेच. डिपिंगनंतर मणी फुगतो तोही याच वाटेने: थॉमसनचं बी फलन होऊनही कोवळेपणीच जिरतं, बियांकडून मिळणारं जीए तुटपुंजं पडतं, ते आपण बाहेरून देतो. खरड छाटणीत सीसीसी हे वाढ रोखणारं औषध मारता ना? ते वेलीला स्वतःचं जीए बनवू देत नाही, म्हणजे ब्रेक लागलेला ठेवतं.

याचा फार सुंदर पुरावा ऑस्ट्रेलियात 2002 साली मिळाला. शॅम्पेनसाठी लावतात त्या पिनो म्यूनिए जातीपासून एक बुटकी वेल तयार केली. तिच्या डेलात असा बिघाड की जीए आलं तरी ते मोडत नाही. त्या वेलीवर बाळ्यांच्या जागी घड आले! तुमच्या चार ओळींचं बरोब्बर उलटं चित्र.

जीएचा शोधही असाच खोडीतून लागला. भाताची रोपं एका बुरशीने ताडमाड वाढून लोळायची, जपानी शेतकरी त्याला 'खुळं रोप' म्हणायचे. कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं की बुरशीने सोडलेला द्रवच हे करतो. तुमच्या सौभाग्यवतींनी बघितलं ते हेच.

द्राक्षवाला (निफाड):
सर, आता कुठे डोक्यात शिरलं. ह्या ओळी कायमच्या गेल्या का?

निवृत्त मास्तर (वनस्पतीशास्त्र):
नाही हो. पुढच्या खरड छाटणीला नवी काडी, नवे डोळे. ह्या वर्षाचं मात्र गेलं. 1 ग्रॅम 100 लिटरला म्हणजे 10 पीपीएम (दहा लाखात 10 भाग), एवढ्याशा मात्रेत हे सगळं घडतं, त्यामुळे चिठ्ठी नसलेली पूड विरघळवून ओळखत बसू नका.

तासगावकर:
मास्तर, माघार घेतो. माझ्याही डब्यात एक पुडी आहे.

द्राक्षवाला (निफाड):
दोन्ही बाजूला काढल्या. बायको विचारतेय कितीच्या होत्या. सांगितलेलं नाही.