मायक्रोवेव्ह नकोच
कोणीतरी विचारलंय की पाळीव सापाला खायला द्यायचा गोठवलेला उंदीर घाईत मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर चालेल का, तर अजिबात नको, एकीकडे शिजतो, दुसरीकडे बर्फच राहतो आणि उंदराचं पोट फुटतं ते वेगळंच. मी आदल्या रात्री बंद पिशवीत घालून झाकणाच्या वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवते, मग पिशवीसकट कोमट पाण्यात, आणि पिशवीवरूनच पोट दाबून बघते, आत कडक गोळा लागला की अजून थांबायचं. आणि प्लीज, गोठवल्याने साल्मोनेला (माणसाला आजारी पाडणारे जंतू) मरत नाही हो! उंदीर धरायचा चिमटा वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा, ५ वर्षांखालच्या मुलांना तर जवळ येऊच देऊ नका. सापाने नाही खाल्ला तर टाकून द्या, परत गोठवायचा नाही.