शब्दचर्चा : घोड्याची ‘अडीच घरं’ लहान मुलांना कशी सांगावीत?

नेरुळहून प्रश्न :
सोसायटीतल्या ५-६ वर्षांच्या मुलांना बुद्धिबळ शिकवते आहे. हत्ती सरळ, उंट तिरका, वजीर दोन्ही, इथपर्यंत छान जमलं. घोड्यापाशी गाडी अडली. ‘घोडा अडीच घरं चालतो’ म्हटलं की मुलं पटावर अर्धं घर शोधतात. दुसरा शब्द आहे का? शिवाय बरीचशी मुलं इंग्रजी माध्यमातली, ती हत्तीला रूक, उंटाला बिशप म्हणतात. नावं कुठली शिकवू?

नौपाड्याहून :
‘अडीच’ टाकून देऊ नका, उशिरा सांगा. आधी ‘उडी’ म्हणा. बाकी सगळी मोहरी चालतात, वाटेत कुणी आलं की थांबतात. उडी एकट्या घोड्याची. म्हणूनच डाव मांडल्या मांडल्या प्याद्यांखेरीज फक्त घोडाच हलू शकतो. मग रंग दाखवा : पांढऱ्या घरातून उडाला की काळ्यातच उतरणार, काळ्यातून पांढऱ्यात. हे कळलं की मुलं चुकीची उडी आपणच पकडतात. पट रिकामा करून घोडा मधोमध ठेवा आणि तो पोचेल त्या ८ घरांत एकेक शेंगदाणा ठेवायला सांगा. नंतर घोडा कोपऱ्यात. तिथून फक्त २ घरं मिळतात, हे पाहून मुलं खरोखर हळहळतात.

अडीचचा उलगडा मी असा करतो : दोन घरं सरळ आणि एक बाजूला, असं मोजलं तर तीन होतात. एक सरळ आणि एक तिरकं मोजलं तर दोन. पोचतो त्याच घरात. दोन आणि तीनच्या मधलं ते अडीच. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे फार आवडतं, पाच वर्षांच्याला नको.

कोपरखैरण्याहून :
प्याद्याला मात्र ‘चालणं’ आणि ‘मारणं’ हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. बाकीची मोहरी जशी चालतात तशीच मारतात. प्यादं चालतं सरळ, मारतं तिरकं. घरी कुणी ‘खातं’ म्हणत असेल तर तेही चालेल, पण ‘प्यादं तिरकं जातं’ असं मोघम बोलू नये. मुलं मग रिकाम्या घरातही तिरकं सरकवतात.

नौपाड्याहून पुन्हा :
नावांबद्दल माझा आग्रह मराठीचाच. हत्ती, उंट, घोडा ही नावं मुलाच्या डोळ्यांपुढे प्राणी उभा करतात. ‘रूक’ ऐकून काय दिसणार? पण हत्ती सगळीकडे सरळच चालतो असं समजू नका. रशियनमध्ये आपल्या उंटाला ‘स्लोन’, म्हणजे हत्तीच म्हणतात. स्पॅनिश ‘अल्फिल’मध्येही अरबी हत्ती, ‘फील’, आहे. आपल्या चतुरंगात, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपात, हत्ती, घोडा, रथ, पायदळ होतं.

चाली लिहायला लागल्यावर इंग्रजी अक्षरंही शिकवावीत, पुस्तकं त्यातच असतात. मात्र फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे नियम आपल्या देशात रूढ असलेल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायची मुभा देतात. रा, व, ह, उं, घो, एकही अक्षर दुसऱ्याशी भांडत नाही. इंग्रजीत किंग आणि नाइट दोन्ही ‘के’ने सुरू होतात, म्हणून घोड्याला ‘एन’ द्यावा लागला.

वाशीहून :
आमच्याकडे मुली वजिराला ‘राणी’ म्हणतात. चालेल ना?

नौपाड्याहून :
खुशाल म्हणू द्या. तो मूळचा मंत्रीच, तिरकं एकच घर सरकणारा. १५व्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची लांब चाल मिळाली, आणि तिथे तोवर त्याची राणी झालेली होती.